नाही म्हणणारा आवाज

सॉक्रेटिस म्हटलं की आपल्यापुढे विषाचा पेला येतो. शाळेच्या पुस्तकातून तो भेटतो तो पेल्यासकट. मकरंद साठे यांच्या ‘सूर्य पाहिलेला माणूस’ नाटकातला डॉ. श्रीराम लागूंचा सॉक्रेटिसही पुष्कळांच्या लक्षात असेल. काही माणसांचं मरण इतकं गाजतं की त्यांच्या जगण्याकडे कुणी वळूनही पाहत नाही. सदसद्विवेक माणसाकडून नेमकं काय करवून घेतो हे बघायचं असेल, तर त्या पेल्याच्या सात वर्षं आधीचा एक दिवस जास्त उपयोगाचा आहे. इ.स.पू. ४०६. त्या दिवशी सॉक्रेटिस चक्क सरकारी कामावर होता.

चक्क म्हणायचं कारण, हा माणूस राजकारणापासून आयुष्यभर चार हात लांब राहिला. पाथरवटाचा मुलगा. आई सुईण. लढाया तीन केल्या, त्याही साध्या शिपायाच्या. नंतर अनवाणी पायांनी बाजारात हिंडून भेटेल त्याला प्रश्न विचारत राहिला. पण अथेन्समध्ये सरकारी काम टाळणं सोपं नव्हतं, कारण ते चिठ्ठ्या टाकून वाटलं जाई. पाचशे नागरिकांचं मंडळ वर्षभरासाठी निवडलं जायचं, दहा जमातींतून पन्नास-पन्नास. वर्षाचे दहा भाग करून प्रत्येक जमातीचे पन्नास जण एकेका भागात कारभार पाहत. सगळ्या नागरिकांची सभा बोलवायची, ठराव मांडू द्यायचा, मत घ्यायचं, हे त्यांचं काम. आणि त्यांच्यातला एक जण, पुन्हा चिठ्ठीनेच, एका दिवसापुरता अध्यक्ष. साठी उलटलेल्या सॉक्रेटिसची चिठ्ठी त्या वर्षी निघाली, आणि त्याच्या जमातीची पाळी नेमकी नको त्या वेळी आली.

अथेन्स आणि स्पार्टा यांचं युद्ध पंचवीस वर्षं चाललं होतं. अथेन्सचं आरमार लेस्बॉस बेटाजवळ कोंडलं गेलं, तेव्हा शहराने तीस दिवसांत ११० जहाजं उभी केली. वल्ही मारायला माणसं पुरेनात म्हणून गुलामांनाही जहाजांवर चढवलं. हे नवशिकं आरमार अर्जिन्युसी बेटांपाशी स्पार्टाच्या मुरलेल्या आरमाराला भिडलं आणि जिंकलं. स्पार्टाचा सेनापती पाण्यात पडून बुडाला. विजय मोठाच होता, पण अथेन्सच्या बाजूची पंचवीस जहाजं फुटली होती. एका जहाजावर साधारण दोनशे माणसं. फुटक्या फळ्यांना धरून तरंगणाऱ्या लोकांना उचलायला काही जहाजं मागे ठेवायची आणि बाकीच्यांनी शत्रूच्या मागे जायचं, असं सेनापतींनी ठरवलं. तेवढ्यात वादळ उठलं. कुणालाच उचलता आलं नाही. जिवंत होते ते बुडाले आणि मेलेल्यांना मूठमाती मिळाली नाही. ग्रीक माणसाला हे दुसरं दुःख पहिल्याइतकंच मोठं होतं.

पुढचं सगळं इतिहासकार झेनोफनने लिहून ठेवलं आहे आणि ते कुठल्याही शहरातल्या, कुठल्याही काळातल्या सभेसारखं आहे. आठ सेनापतींवर आळ आला. दोघांना वारा कुठला आहे ते कळलं आणि ते परत आलेच नाहीत. सहा जण आले. पहिल्या सभेत त्यांनी वादळाची हकीकत सांगितली, खलाशांच्या साक्षी दिल्या. लोकांना पटू लागलं होतं. जामीन राहायला माणसं उभी राहत होती. पण तोवर अंधार पडला, वर केलेले हात मोजता येईनात, म्हणून सभा तहकूब झाली. दिवस थोडा मोठा असता तर कदाचित सहा माणसं वाचली असती.

मध्ये एक सण आला. भाऊबंद एकत्र जमायचे, जेवणंखाणं व्हायची. यंदा घरोघरी एक पान कमी होतं. पुढच्या सभेला काळे कपडे घातलेली, डोकी भादरलेली माणसं मोठ्या संख्येने आली. ती खरीच मृतांची नातलग होती की त्यांना तसं सजवून आणलं होतं? झेनोफनच्या मते आणलं होतं. मग एक जण उठला. आपण पिठाच्या पिंपाला धरून वाचलो, असं सांगू लागला. आणि बुडणाऱ्यांनी आपल्याजवळ निरोप दिला होता म्हणे, की देशासाठी लढलेल्यांना सेनापतींनी वाऱ्यावर सोडलं हे शहराला सांग. यावर कोण काय बोलणार? पिंपावर तरंगत आलेल्या माणसाची उलटतपासणी घेणं म्हणजे बुडालेल्यांचा अपमान.

कॅलिक्सेनस नावाच्या सभासदाने ठराव आणला: दोन्ही बाजू मागच्या सभेत ऐकून झाल्या आहेत, आता सरळ मतदान घ्या. प्रत्येक जमातीसाठी दोन रांजण ठेवा, एक दोषी म्हणणाऱ्यांसाठी, दुसरा निर्दोष म्हणणाऱ्यांसाठी, आणि आठही जणांचा फैसला एकाच मताने करा. शिक्षा मृत्यूची. हे अथेन्सच्या कायद्याला धरून नव्हतं. प्रत्येक आरोपीचा खटला वेगळा चालला पाहिजे आणि त्याला आपली बाजू मांडायला वेळ मिळाला पाहिजे, असा कायदा होता. युरिप्टोलेमस नावाच्या माणसाने हरकत घेतली. त्यावर सभेत आरडाओरडा झाला, की लोकांना हवं ते करायला लोकांनाच अडवणं म्हणजे कमाल झाली. आणखी एकाने सुचवलं, हरकत घेणाऱ्यांचा निकालही याच मतदानात लावा. हरकत मागे घेतली गेली.

आता गाडं अडलं होतं ते पन्नास जणांपाशी. बेकायदा ठराव मताला टाकायला त्यांच्यातले काही तयार होईनात. कॅलिक्सेनस पुन्हा उठला आणि त्याने त्यांच्यावरही तोच आरोप करायची धमकी दिली. लोक ओरडले: नाही म्हणणाऱ्यांना कोर्टात खेचा. एकेक जण नरमला. सॉक्रेटिस तेवढा नरमला नाही. कायद्याबाहेरचं काही आपण करणार नाही, एवढंच त्याचं म्हणणं होतं. झेनोफन दुसऱ्या एका पुस्तकात सांगतो की त्या दिवसाचा अध्यक्ष तोच होता. प्लेटो एवढंच सांगतो की पन्नासांत विरोध करणारा तो एकटा होता. काहीही असो, मतदान झालंच. सहाही सेनापतींना मारण्यात आलं. त्यांत अथेन्सचा जुना पुढारी पेरिक्लीज याचा मुलगाही होता.

थोड्या दिवसांनी अथेन्सला पश्चात्ताप झाला. लोकांची दिशाभूल केली म्हणून आता कॅलिक्सेनस आणि इतर चौघांवर खटला भरायचं ठरलं. ते निसटले. काही वर्षांनी कॅलिक्सेनस परतला तेव्हा सगळ्या शहराने त्याच्याकडे पाठ फिरवली आणि तो उपासमारीने मेला. ही शेवटची ओळ वाचताना वाचकाला बरं वाटतं. मला वाटत नाही. मतं दिली होती हजारोंनी, आणि खापर फुटलं पाच जणांवर.

सॉक्रेटिसच्या त्या नकाराने कुणाचाही जीव वाचला नाही. सदसद्विवेकाच्या गोष्टी सांगताना आपण शेवटी काहीतरी फळ दाखवतो. राजा वरमतो, गर्दी पांगते. इथे तसलं काही नाही. दुसरं, सॉक्रेटिसने सेनापती निर्दोष आहेत असंही म्हटल्याची नोंद नाही. ते दोषी असतीलही. त्याचा आग्रह निकालाचा नव्हता, पद्धतीचा होता. आठ माणसं म्हणजे आठ खटले. सदसद्विवेक म्हटलं की आपल्याला भावनेचा उमाळा आठवतो. पण उमाळा त्या दिवशी सगळा गर्दीच्या बाजूला होता. काळे कपडे, भादरलेली डोकी, पिंपावरचा माणूस. त्या रडारडीसमोर सॉक्रेटिस जे धरून बसला होता ते एक रुक्ष कलम होतं, आणि नेमका तोच त्याचा विवेक होता.

दोन वर्षांनी दुसरा प्रसंग आला. अथेन्स युद्ध हरलं. स्पार्टाच्या आशीर्वादाने तीस जणांचं सरकार बसलं. आठेक महिन्यांत त्यांनी दीड हजारांवर माणसं मारली, असं ॲरिस्टॉटलच्या नावावरच्या ग्रंथात आहे. त्यांचा पुढारी क्रिटियस हा पूर्वी सॉक्रेटिसच्या सोबत्यांतला. या सरकारने एक दिवस पाच जणांना बोलावलं आणि हुकूम दिला, सलामिस बेटावर जाऊन लिओन नावाच्या माणसाला धरून आणा. आणल्यावर त्याचं काय होणार हे पाचही जणांना ठाऊक होतं. असे हुकूम हे सरकार मुद्दाम वेगवेगळ्या लोकांना देई, म्हणजे जितके हात बरबटतील तितके विरोधक कमी. चौघे सलामिसला गेले. पाचवा सॉक्रेटिस. तो घरी गेला.

तो घरी गेला, बस्स. प्लेटोच्या लेखनात सॉक्रेटिस स्वतः हे न्यायाधीशांना सांगतो आणि म्हणतो की ते सरकार लवकर पडलं नसतं तर या नकारापायी माझा जीव गेला असता. हे खरंच असावं. पण वाचणाऱ्याच्या मनात एक प्रश्न उरतो. त्याने लिओनला निरोप का धाडला नाही? चौघांना वाटेत का अडवलं नाही? प्लेटोने तसं काही नोंदवलेलं नाही. लिओन मारला गेला. आपले हात स्वच्छ ठेवून माणूस घरी गेला, एवढ्यावर त्याला पूर्ण गुण द्यावेत का? मी देणार नाही. पण त्या पाचांत उरलेल्या चौघांच्या घरीही बायकापोरं असतील, त्यांनाही लिओनचं वाईट वाटलं असेल, आणि तरी ते होडीत बसले. जुलमाची यंत्रणा चालते ती अशा होडीत बसणाऱ्यांवर. सगळेच घरी गेले असते तर तीस जणांना स्वतःच वल्ही मारायला लागली असती.

मराठी वाचकाला इथे रामशास्त्री प्रभुणे आठवल्याशिवाय राहणार नाहीत. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रघुनाथरावांना त्याबद्दल देहान्त प्रायश्चित्त आहे, असं रामशास्त्र्यांनी सांगितलं आणि पुणं सोडलं, ही कथा घरोघरी माहीत आहे. तिच्या पुढचा भाग सहसा कुणी सांगत नाही. नाना फडणवीसांच्या कारभारात शास्त्रीबुवा परत न्यायाधीशाच्या जागेवर आले आणि १७८९ मध्ये वारले तोवर निवाडे देत राहिले. बाणेदारपणाचा एक क्षण आपल्याला पाठ असतो. त्यानंतरचे कज्जे, वतनांचे तंटे आणि कागदपत्रं कुणाला आठवत नाहीत. माझ्या मते न्यायबुद्धीची खरी हजेरी तिथे लागते.

सॉक्रेटिसकडे परत येऊ. लहानपणापासून आपल्याला एक आवाज ऐकू येतो, असं तो सांगे. दैवी खूण म्हणा, अंतरात्मा म्हणा. तो चार लोकांत हे इतक्या मोकळेपणी बोलत असे की पुढे खटल्यात ‘नवी दैवतं आणली’ हा आरोप त्यातूनच बेतला गेला. प्लेटोचा सॉक्रेटिस या आवाजाबद्दल एक चमत्कारिक गोष्ट सांगतो. हा आवाज कधीच काही करायला सांगत नाही. मी काही करायला निघालो आणि ते चुकीचं असेल तर फक्त अडवतो. अगदी बारीकसारीक बाबतीतही. झेनोफन मात्र म्हणतो, तो आवाज काय करावं तेही सांगायचा, आणि सॉक्रेटिस त्यावरून मित्रांना सल्ले द्यायचा. दोघांनीही त्याला जवळून पाहिलेलं, तेव्हा खरं कोणाचं हे ठरवणं अवघड आहे. पण माणसाला ओळखायला प्लेटोचा सॉक्रेटिस मला जास्त उपयोगी वाटतो. नाही म्हणणारा आवाज कुणावर राज्य करू शकत नाही. तो फार तर एका माणसाला एका जागी उभं करतो.

आणि आता खरी मेख. अर्जिन्युसीच्या सभेत किंवा लिओनच्या वेळी सॉक्रेटिसने या आवाजाचा हवाला दिला का? नाही. सभेत तो कायद्याचं नाव घेतो. लिओनबद्दल सांगताना म्हणतो, की मरणाची मला पर्वा नव्हती, अन्याय करायचा नाही याची होती. मृत्यूच्या आदल्या दिवसांतलं पाहा. देवाच्या यात्रेला गेलेलं जहाज डेलॉसहून परतेपर्यंत शहरात कुणाला फाशी-विष द्यायचं नाही, असा रिवाज होता. त्यामुळे निकालानंतरही त्याला महिनाभर मिळाला. एका पहाटे बालमित्र क्रिटो तुरुंगात आला. पहारेकऱ्याची मर्जी आधीच सांभाळून ठेवली होती, पैशांची तजवीज झाली होती, थेसलीत राहायची सोय होती. सॉक्रेटिस गाढ झोपला होता. त्याला उठवायचं जिवावर आलं म्हणून क्रिटो बराच वेळ नुसता बसून राहिला.

उठल्यावर सॉक्रेटिस एका वाक्यात विषय संपवू शकला असता: माझा आवाज नको म्हणतो. प्लेटोने लिहिलेल्या त्या सबंध संवादात हा आवाज एकदाही येत नाही. येतो तो वाद. लोक काय म्हणतील याला किंमत द्यायची की जाणकार काय म्हणेल याला? नुसतं जगणं मोठं की नीट जगणं? आपल्यावर अन्याय झाला तर उलट अन्याय करायची मुभा मिळते का? एकेका पायरीवर तो क्रिटोला थांबवतो आणि विचारतो, हे तुला पटतं का? पटत नसेल तर आत्ताच सांग. मग तो अथेन्सचे कायदेच माणसासारखे समोर उभे करून त्यांच्या तोंडून बोलतो: सत्तर वर्षं इथे राहिलास, शहर सोडून जायची मोकळीक होती, गेला नाहीस, आता निकाल विरुद्ध गेला म्हणून आम्हाला मोडणार का? हा युक्तिवाद सगळाच्या सगळा पटण्यासारखा आहे असं नाही. वाईट कायदा आला तर काय, हा प्रश्न त्यात सुटत नाही. पण पद्धत बघा. जीव पणाला लागलेला असतानाही मित्राला पटवून देणं तो टाळत नाही. आतला आवाज त्याच्यापुरता होता. दुसऱ्याला द्यायची ती कारणं.

हा सॉक्रेटिस एका गुजराती माणसाला १९०८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत भेटला. मोहनदास गांधींनी सॉक्रेटिसच्या न्यायालयातल्या बचावाच्या भाषणाचा गुजराती सारांश ‘इंडियन ओपिनियन’मध्ये क्रमशः छापला आणि त्याला सत्यासाठी लढणाऱ्या वीराची कथा म्हटलं. पुढे ती पुस्तिका झाली. १९१० मध्ये मुंबई सरकारने ‘हिंद स्वराज’बरोबर तीही जप्त केली. दोन हजार तीनशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाचं भाषण छापणं हा राजद्रोह ठरला. सॉक्रेटिसला याची गंमत वाटली असती.

गांधीजींच्या बाबतीत हा आवाज मराठी मुलखात येऊन बोलला. एप्रिल १९३३ च्या अखेरीस ते येरवड्याच्या तुरुंगात होते. रात्री आपल्याला स्पष्ट आवाज ऐकू आला आणि एकवीस दिवसांचा उपास करण्याचा आदेश मिळाला, असं त्यांनी जाहीर केलं. उपास अस्पृश्यतेच्या प्रश्नावर आत्मशुद्धीसाठी होता. ८ मे रोजी तो सुरू झाला, त्याच संध्याकाळी सरकारने त्यांना सोडलं, आणि बाकीचे दिवस त्यांनी पुण्यातच ठाकरसी कुटुंबाच्या पर्णकुटीत काढले. २९ मेला उपास सुटला. हा भास कशावरून नाही, असं लोकांनी विचारलं. गांधीजींचं उत्तर प्रामाणिक होतं: माझ्याकडे पुरावा नाही. असा दावा ज्याने त्याने करू नये, त्याला मोठी साधना लागते, हेही ते बजावत.

फरक इथे दिसतो. सॉक्रेटिसचा आवाज थांबवणारा, गांधीजींचा करायला लावणारा. १९३३ च्या उपासाचा भार त्यांनी स्वतःच्या शरीरावर घेतला हे खरं. पण त्याच तुरुंगात आठ महिन्यांपूर्वी, सप्टेंबर १९३२ मध्ये झालेला उपास आठवा. तेव्हाही गांधीजी आपल्या विवेकाशी प्रामाणिकच होते. त्या उपासाचा भार मात्र दुसऱ्या एका माणसाच्या खांद्यावर आला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लोकांसाठी मिळवलेले स्वतंत्र मतदारसंघ आणि गांधीजींचे प्राण, असा तो पेच होता. २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. राखीव जागा वाढल्या, स्वतंत्र मतदारसंघ गेले. बाबासाहेबांनी तो उपास किती कडवट शब्दांत पुढे आठवला, हे त्यांची पुस्तकं वाचणाऱ्यांना माहीत आहे. माझं मत बाबासाहेबांच्या बाजूला झुकतं. आपल्या आतला आवाज दुसऱ्याला हो म्हणायला भाग पाडू लागला की त्याच्याशी वाद घालायची सोय उरत नाही, आणि वाद घालता येत नाही अशी गोष्ट कितीही पवित्र असली तरी तिला मानगुटीवर बसू देऊ नये.

योगायोग असा की बाबासाहेबांचा रस्ताही शेवटी अथेन्सला गेला. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी राज्यघटनेचा मसुदा सभागृहापुढे ठेवताना त्यांनी जॉर्ज ग्रोट या इतिहासकाराचा आधार घेतला. ग्रोट हा लंडनचा सावकारी पेढीवाला. त्याने १८४६ ते १८५६ या काळात ग्रीसचा बारा खंडी इतिहास लिहिला. लोकशाही टिकायची तर नुसते कायदे पुरत नाहीत; सत्तेवर असलेल्यांवर सडकून टीका करावी, पण कामकाजाच्या रीतीबद्दल सगळ्याच पक्षांना आदर असावा, विरोधकाच्या हातात ती रीत असली तरी ती पाळली जावी, असा ग्रोटचा मुद्दा. त्याने त्याला संवैधानिक नीती म्हटलं. ही नीती माणसात उपजत नसते, ती मुद्दाम रुजवावी लागते आणि आपल्या लोकांना ती अजून शिकायची आहे, असं बाबासाहेबांनी पुढे सांगितलं. त्या भाषणाचे हवाले आता न्यायालयांच्या निकालपत्रांतही येतात.

ग्रोटने हे लिहिलं ते अथेन्सच्या लोकशाहीच्या आरंभाबद्दल, इ.स.पू. ५०८ च्या सुमाराच्या सुधारणांबद्दल. म्हणजे अर्जिन्युसीच्या सभेआधी शंभर वर्षं ती नीती अथेन्सच्या अंगवळणी पडत होती. त्याच लोकांची पणतवंडं एका दिवसात ती विसरली. बाबासाहेबांना ‘रुजवावी लागते’ हे सांगायची गरज का वाटली, ते इथे समजतं. झाडासारखी एकदा लावली आणि आपोआप वाढली अशी ती नसते. दर सभेत नव्याने कुणीतरी ती पाळावी लागते, आणि तो कुणीतरी बहुतेक वेळा एकटा असतो.

इ.स.पू. ३९९ मध्ये याच अथेन्सने सॉक्रेटिसवर खटला चालवला. पाचशेच्या आसपास न्यायाधीश, तेही चिठ्ठीने निवडलेले, दिवसाला तीन ओबोल भत्त्यावर. एका दिवसात सगळं उरकलं. दोषी ठरवणारी मतं इतकी थोडी जास्त होती की तीस मतं इकडची तिकडे झाली असती तर तो सुटला असता. तो स्वतःच त्याबद्दल आश्चर्य व्यक्त करतो. मग शिक्षा कोणती, यावर बोलायची त्याची पाळी आली तेव्हा त्याने सुचवलं, मला आयुष्यभर सरकारी खर्चाने जेवू घाला. यानंतर मृत्युदंडाला मत देणारे वाढले असतील तर नवल नाही. इथे मला कधीकधी त्याच्या मित्रांची दया येते. प्लेटो, क्रिटो आणि आणखी दोघे तीस मिना दंडाला जामीन राहायला तयार बसले होते, आणि हा गृहस्थ न्यायाधीशांना डिवचत होता. शहाणा माणूस सोबतीला सोपा असतो असं कुणी सांगितलं?

त्या दिवशी सकाळी घरून निघताना, न्यायालयात येताना आणि बोलत असताना आपल्याला आवाजाने एकदाही अडवलं नाही, असं तो शेवटी म्हणाला. त्यावरून जे होतंय ते वाईट नसावं, असा त्याने अर्थ काढला. त्याच्या आयुष्यात आवाजाचं मौन हाच होकार होता.

आपल्यापैकी कुणावर तीस जणांचं सरकार माणूस धरून आणायची पाळी आणेल, अशी शक्यता कमी आहे. अर्जिन्युसीची सभा मात्र आपल्या गल्लीत दर वर्षी भरते. सोसायटीची वार्षिक सभा घ्या. विषय क्रमांक सात: थकबाकीदारांचं पाणी तोडणे. दोन थकबाकीदार खरेच बेरकी, एक विधवा बाई, एकाचा हिशेबच चुकलेला. ‘सगळ्यांचं मिळून घेऊन टाका हो एकदाच, उगाच रात्र कशाला करताय?’ मागून कुणीतरी ओरडतं. चहा आलेला असतो. ‘मंजूर, मंजूर!’ हात वर होतात. हरकत घेऊ बघणाऱ्याला शेजारचा दंडाला धरून खाली बसवतो: ‘जाऊ द्या ना काका, तुम्हाला काय त्याचं?’ आठ माणसांचा एका मताने फैसला करायची कॅलिक्सेनसची युक्ती चहाच्या कपासोबत पार पडते. पतपेढी, शाळेची व्यवस्थापन समिती, देवस्थानचे विश्वस्त, बिल्डरच्या फायलीवर सही करणारा कारकून, सगळीकडे रीत तीच. ‘वरून आलंय, सही करा’ हे वाक्य सलामिसच्या होडीत बसवणारं आहे.

याला फार शौर्य लागत नाही, हे सॉक्रेटिसकडून घेण्यासारखं आहे. भाषण करायला नको, गर्दीला शिव्या द्यायला नकोत, उपास तर नकोच. नियम कोणता ते माहीत हवं, तो शांतपणे सांगता यायला हवा, आणि आपलं मत विरुद्ध होतं हे लिहून घ्यायला लावता यायला हवं. निकाल बहुतेक वेळा बदलणार नाही. अथेन्समध्येही बदलला नव्हता. पण झेनोफनला लिहायला एक नाव तरी मिळालं.

महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. सूचना आली की ती रद्दीत टाकू नका. विषयपत्रिका वाचा, उपविधींची प्रत जवळ ठेवा, आणि चार जणांचा निकाल एका हातात लागतोय असं दिसलं तर उठून सांगा: एकेकाचं वेगळं घ्या, आणि माझा विरोध इतिवृत्तात नोंदवा.